क्रेनवाल्याचा आवाज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर सहा बटणं आहेत आणि त्यांतलं एक लाल आहे. ते लाल बटण दाबलं की समोरच्याचा आवाज माझ्या आत येतो आणि फितीवर जाऊन बसतो. असे कितीतरी आवाज मी आजवर धरून ठेवले. पण त्यांतल्या एका आवाजाने मला जो धक्का दिला, तो इतक्या वर्षांनीही मला पचलेला नाही. तोच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे डगले घातलेल्या बायका ओळीने बसून माझ्यासारख्यांची पोटं भरत. कोणी चाकं बसवी, कोणी तारा जोडी. शेवटच्या बाईचं काम तपासणीचं. तिने माझं लाल बटण दाबून एक ते दहा आकडे म्हटले, मग फीत मागे फिरवून आपलाच आवाज ऐकला आणि हसून म्हणाली, "पास." मी ऐकलेला पहिला माणसाचा आवाज तो.

पुढे एका शिंप्याने मला विकत घेतलं. सगळे त्याला मामा म्हणत आणि त्याच्या बायकोला मामी. मामा कापड बेतायचे, मामी काजं-बटणं करायच्या. दोघांनाही गाणाऱ्या गळ्यांचं भारी वेड. रविवारी दुकान बंद असे. मग सकाळी दहाच्या सुमारास कापड बेतायचं मोठं टेबल रिकामं करून मला मधोमध ठेवत आणि त्यांच्यासारखेच आणखी तीन वेडे येऊन बसत. प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक आवाज आणायचा आणि बाकीच्यांनी तो मान खाली घालून ऐकायचा, असा त्यांचा नेम होता.

पोस्टमनला जाडेभरडे, खोल विहिरीतून आल्यासारखे आवाज आवडत. मामींना ज्या आवाजात गाणाऱ्याचं हसू कळतं असे आवाज हवे असत. कान-नाक-घशाच्या वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर म्हणत, की गाणाऱ्याचा श्वास ऐकू आला पाहिजे, श्वास लपवणाऱ्यावर आपला विश्वास नाही. आणि पाचवे होते मास्तर. गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांना काहीच आवडत नसे. ते प्रत्येक आवाजाला शंभरपैकी गुण देत, आणि बासष्टच्या वर कधी कोणी गेलं नव्हतं. पोस्टमन एकदा म्हणाला, की मास्तरांच्या हातात पेपर गेला तर कोकिळासुद्धा पुरवणी परीक्षेला बसेल. तरी त्यांच्या कानाला सगळे मानत. मास्तर बोलले म्हणजे बोलले.

ते माझे सुखाचे दिवस होते. मला कोणी तरी रोज पुसत असे. पण मित्रांनो, कौतुकाच्या वस्तूचीही माणसांना लवकर सवय होते. हळूहळू माझ्याकडे लक्ष देणं सुटलं. शिंप्याच्या दुकानात कापडाची बारीक बारीक लव सतत उडत असते. ती माझ्या दारातून आत शिरे आणि माझ्या रबरी चाकाला चिकटून बसे. ते चाकच फितीला पुढे ओढतं. अधूनमधून माझ्यातला आवाज लडखडे, जडावे. कोणी तरी वरून एक थाप मारी आणि म्हणे, "चालतोय ना, मग झालं तर."

एका गुरुवारी सिस्टर घाईघाईने दुकानात आल्या. वॉर्डातल्या एका पेशंटला गाणं भरून हवंय, दोन तासांसाठी टेपरेकॉर्डर द्याल का, असं त्यांनी मामांना विचारलं. मामांनी मला लगेच कापडी पिशवीत घातलं.

वॉर्ड उजेडाचा होता. खिडकीजवळच्या खाटेवर पन्नाशीच्या आतला एक रुंद खांद्यांचा माणूस बसला होता. तो क्रेन चालवायचा. सिस्टर त्याच्याशी बोलत होत्या त्यावरून मला कळलं, की रोज सत्तर फूट उंच केबिनमध्ये तो एकटा असे आणि दिवसभर गात असे. तिथे ऐकायला कोणी नसतं म्हणूनच गायचो, असं तो म्हणाला. त्याने घसा खाकरला, पाण्याचा घोट घेतला आणि सिस्टरांना खूण केली. लाल बटण खाली गेलं.

त्याने दोन गाणी म्हटली. पहिलं चार लोकांना ठाऊक असलेलं. दुसरं कोणतं ते मला कळेना. एक ओळ म्हणायची, मग तेवढाच वेळ गप्प बसायचं, मग पुढची ओळ. मला वाटलं, याला दम लागतोय. पण आवाज! मित्रांनो, तोवर मी शेकडो गळे ऐकले होते. हा आवाज उन्हात तापलेल्या दगडासारखा होता. हात लावला तर ऊब लागेल असा.

गाणं संपल्यावर तो म्हणाला, "तुमच्या रविवारच्या मंडळींना ऐकवा. पण नाव सांगू नका, सिस्टर. आधी नुसता आवाज ऐकू दे त्यांना."

सिस्टरांनी बटण सोडलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, की एवढं छान गातोस, तर आणखी दोन का म्हणत नाहीस? तेव्हा सिस्टर हळूच म्हणाल्या, "डॉक्टरांनी जास्त ताण देऊ नका सांगितलंय. उद्या घशातल्या गाठीचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार आहेत."

मला अर्थ कळायला क्षणभर लागला. कळला तेव्हा माझ्या आतली फीत थंड पडल्यासारखी वाटली. उद्या या माणसाला आवाजच उरणार नव्हता. या जगात तो आता फक्त माझ्या पोटातल्या बोटभर डबीत राहणार होता.

रविवार उजाडला. सिस्टरांनी ती कॅसेट टेबलावर ठेवली. कोणाची, विचारल्यावर म्हणाल्या, की नाव सांगायचं नाही असं कबूल केलंय. मामांनी मला सुरू केलं.

पहिलं गाणं संपलं. मामींच्या हातातली सुई तशीच राहिली होती. पोस्टमनने सवयीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी डोळे मिटलेले होते.

"एक्क्याण्णव," ते म्हणाले.

पोस्टमनने कान पुढे करून विचारलं, किती? मास्तर पुन्हा म्हणाले, "एक्क्याण्णव. नऊ कापले ते माझ्या हट्टापायी. एवढा सच्चा आवाज मी फार वर्षांत ऐकला नव्हता."

तेवढ्यात दुसरं गाणं सुरू झालं. एक ओळ आली, मग ती मोकळी जागा. मास्तरांचे डोळे उघडले. दुसरी ओळ आली. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. मोकळ्या जागेत त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. गाणं संपायच्या आत त्यांनी हात लांब करून माझं बटण दाबलं.

"हा माझा भाऊ आहे," ते म्हणाले.

मग हळूहळू त्यांनी सांगितलं ते असं. त्यांची आई लोकांच्या चादरी धुवायची. ओली चादर पिळायला दोघं लागतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोघं भाऊ टोकं धरत आणि आईने शिकवलेलं ते गाणं म्हणत. एक ओळ धाकट्याने, एक थोरल्याने. ते गाणं त्या घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. मधल्या मोकळ्या जागा दम लागल्याच्या नव्हत्या, मित्रांनो. त्या थोरल्या भावाच्या ओळींच्या होत्या.

आई गेल्यावर धाकट्याने गाणाऱ्यांच्या एका फिरत्या मंडळीत जायचं ठरवलं. तेव्हा मास्तरांनी पाहुण्यांनी भरलेल्या घरात त्याला सांगितलं, की तुझा आवाज फुटक्या मडक्यासारखा आहे, चारचौघांत तो काढून आमची अब्रू घालवू नकोस. तो मंडळीत गेला नाही. पण घरातूनही गेला. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली होती.

मामींनी विचारलं, की मग मघाशी एक्क्याण्णव कसे दिलेत? आवाज एवढा बदलला का?

मास्तरांनी माझ्या जाळीवर हात ठेवला.

"वयाने थोडा जडावलाय, म्हणून आधी ओळखला नाही. पण सच्चा तो तेव्हाही असाच होता," ते म्हणाले. "मला कळत होतं. तो निघून जाईल आणि मी एकटा उरेन म्हणून मी खोटं बोललो."

ज्यांच्या कानावर सगळ्यांचा डोळे झाकून भरवसा, त्यांनी आपल्या सख्ख्या भावाला खोटे गुण दिले होते. मास्तरांनी पिशवी उचलली. कुठे आहे तो सांगा, आत्ता जाऊन त्याची माफी मागतो, त्याच्या तोंडून शिव्या खातो, असं म्हणत ते उठले. तेव्हा सिस्टरांना ऑपरेशनचं सांगावंच लागलं. मास्तर होते तिथेच खाली बसले. स्टूल मागे सरकलं होतं, ते थेट फरशीवर बसले, आणि त्यांना उठवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

सिस्टर दुसऱ्या दिवशी क्रेनवाल्याशी बोलल्या. त्याने आठवडाभर काही उत्तर दिलं नाही. मग पाटीवर लिहून दिलं, की घरी सोडल्यावर येईन. आवाज ऐकायला येईन, दादाला भेटायला नाही.

सव्वा महिन्याने तो आला. गळ्याभोवती मऊ रुमाल, हातात पाटी आणि पेन्सिल. दोघं भाऊ टेबलाच्या दोन टोकांना बसले. मास्तरांनी त्याच्याकडे पाहून हात जोडले. ते काही तरी बोलायला लागले, तर त्याने हात वर करून त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

स्वतःचा आवाज ऐकताना त्याचे डोळे माझ्या जाळीवर खिळले होते. पहिलं गाणं नीट पार पडलं. दुसरं सुरू झालं आणि मला माझ्या आत काही तरी ओढल्यासारखं वाटलं. रबरी चाकावरच्या लवेने फितीची कड पकडली होती. मी जिवाच्या आकांताने फिरत राहिलो, पण फीत पुढे जायच्या ऐवजी चाकाभोवतीच गुंडाळली जात होती. गाणं रेंगाळलं, आवाज जडावला, घोगरा झाला आणि एक किंकाळी होऊन बंद पडला.

मी त्याचा आवाज खाल्ला होता. असा एकच आवाज, ज्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती. मित्रांनो, यंत्राला लाज वाटते की नाही ते मला माहीत नाही. मला तेव्हा जे वाटलं त्याला दुसरं नाव मला सापडलेलं नाही.

क्रेनवाला ताडकन उभा राहिला. त्याने तोंड उघडलं. पूर्ण उघडलं. आणि त्यातून काहीच बाहेर आलं नाही.

मामांनी मात्र चष्मा चढवला. शिलाई मशीनच्या छोट्या पेचकसाने माझं झाकण काढलं, मग कॅसेटचे पाच स्क्रू काढले. सुटे धागे ओढायच्या नाजूक चिमट्याने ते एकेक वेढा सोडवत होते. मामी दिवा धरून उभ्या होत्या. पोस्टमनने दाराला आतून कडी घातली, वारा नको म्हणून. तासाभराने फीत सुटली. वीतभर तुकडा चुरगळून फाटला होता. मामांनी तो ब्लेडने कापला, दोन टोकं पातळ चिकटपट्टीने जोडली आणि सिस्टरांनी आणलेल्या स्पिरिटच्या बोळ्याने माझं चाक पुसलं. किती काळी लव निघाली म्हणून सांगू! वीतभर फीत म्हणजे जेमतेम पाच सेकंद. गाण्याची एक ओळ कायमची गेली.

मामांनी फीत दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला नेऊन पुन्हा बटण दाबलं. आवाज आला. पहिली ओळ संपली, मोकळी जागा आली, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून मास्तर गायला लागले.

ते फार वाईट गात होते. सूर डावीकडे, शब्द उजवीकडे. पण ते थांबले नाहीत. धाकट्याची ओळ माझ्यातून, थोरल्याची टेबलापलीकडून, असं ते गाणं चाललं. जोडाच्या जागी गाण्याने उडी मारली तेव्हा गेलेली ओळसुद्धा मास्तरांनी म्हटली, घाईघाईने, अडखळत. क्रेनवाल्याचे खांदे गदगदा हलायला लागले. मामींना वाटलं, रडतोय. तो हसत होता. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. मग त्याने पाटी ओढली आणि लिहून ती भावापुढे सरकवली.

पोस्टमनने वाचून दाखवलं, "बेसूर आहेस दादा. पण थांबू नको."

त्याच आठवड्यात त्या कॅसेटच्या तीन प्रती झाल्या. क्रेनवाला पुढे रविवारी येऊ लागला. त्याने मास्तरांना माफ केलं की नाही, ते तो कधी लिहून बोलला नाही. पण जाताना दोघं एकाच वाटेने जात.

आता माझी बटणं कडक झाली आहेत. लोकांच्या खिशात गाणी मावतात, मला कोणी बोलावत नाही, आणि माझी त्याबद्दल तक्रारही नाही. एवढंच सांगतो. घरात एखादं यंत्र मुकाट्याने राबत असेल तर अधूनमधून त्याच्या आत डोकावून बघा. थाप मारून "चालतंय ना" म्हणू नका. आणि कोणाचा आवाज तुम्हाला आवडला, तर तो माणूस ऐकत असताना सांगा. क्रेनवाल्याचं गाणं मी साठवून ठेवू शकलो. पण "छान गातोस" हे चार लोकांत सांगायचं काम मला जमणारं नव्हतं. ते दादानेच करायचं होतं.