मानावरचं प्रेम

गिऱ्हाइकांच्या वेळात शिंपीदादा आईच्या खोलीला बाहेरून कडी लावायचे. तिचा विसराळूपणा हल्ली हाताबाहेर गेला होता. एकदा ती अर्ध्या कपड्यांत दुकानात आली, गिऱ्हाइकं तोंडाला रुमाल लावून हसली आणि दादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून ती कडी.

त्यांची थोरली बहीण कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायची. सुटीत ती राहायला आली आणि पहिल्याच सकाळी तिने आतून दारावर पडणारी थाप ऐकली.

"कडी कुणी लावली रे?"

"मीच. काय करू, ताई? दुकान घराला लागून. चार लोकांत मान आहे आपल्याला."

ताई शेजारी बसली. "ग्रीकांचा एक जुना शब्द आहे, फिलोटिमिया. मानावरचं प्रेम. त्यापायी कुणी गावासाठी राबायचं, तर कुणी नुसतं वाहवेमागे धावायचं. शब्द एकच. तुझं प्रेम कुठल्या तऱ्हेचं?"

"बोलायला सोपं आहे. सुटी संपली की तू जाशील. निस्तरायचं मला."

"खरंय. मी पाहुणी, राबणारा तू. पण एवढं करूनही तिचा मान राहिलाच ना राखायचा?"

दादांनी उठून कडी काढली. आई खाटेच्या कडेला बसली होती, झग्याची बटणं वरखाली लावलेली.

"माझं काही चुकलं का रे?" तिने हळूच विचारलं.

"नाही गं. माझं चुकलं." दादांनी गुडघ्यावर बसून तिची बटणं नीट लावली आणि हात धरून तिला दुकानात, खिडकीपाशी आणून बसवलं.

दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिका कोट न्यायला आल्या. आईने तो त्यांच्या हातून ओढलाच. "माझा आहे हा."

दादांचे कान तापले. हिला आत न्यावं, असं क्षणभर वाटलं. पण ते म्हणाले, "बाई, ही माझी आई. तिला आता आठवत नाही. मला सुई धरायला हिनेच शिकवलं."

बाई हसल्या नाहीत. आईशेजारी टेकत म्हणाल्या, "राहू द्या त्यांच्याकडे थोडा वेळ. थंडी काही पळून जात नाही." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "माझे वडीलही असेच झालेत. पाहुणे आले की आम्ही त्यांना माडीवर ठेवतो. उद्या घेऊन येऊ का इथे? दोघं बसतील गप्पा मारत."

"जरूर आणा," दादा म्हणाले.

मंडळी, मानाची हौस आपल्या सगळ्यांनाच असते, त्यात वाईट काही नाही. पण घरातल्या दुबळ्या माणसाला दडवून टिकवलेल्या मानाला भीतीच म्हणावं लागेल. मानावर खरोखर प्रेम असेल, तर तो आधी देता आला पाहिजे; आणि ज्याला तो परत देता येणार नाही, त्याला सगळ्यांत आधी.