लेप वाळेपर्यंत

आमच्या गावात घरांना पुढचं दार असतं ते नुसतं शोभेला. येणंजाणं सगळं गॅरेजमधून. गाडी आत घ्यायची, मोठं दार खाली सोडायचं, बूट झटकायचे आणि थेट स्वयंपाकघरात शिरायचं. सहा-सहा महिने बर्फ असलेल्या मिनेसोटात कोणी याहून वेगळं वागत असेल तर त्याच्या शहाणपणाबद्दल मला शंका आहे. माझा नवरा लाइल म्हणायचा, "पुढच्या दाराने येतात ते विक्रेते आणि पाद्री, आणि जाते ती शवपेटी." दर ऑक्टोबरात तो त्या दाराच्या फटी आतून चिकटपट्टीने बंद करून टाकायचा. बाहेर तीन पायऱ्या आहेत. त्यांचा कठडा गंजून पडला त्याला बारा वर्षं झाली. तो दुरुस्त करायचं कधी कोणाच्या मनातही आलं नाही.

गॅरेजमधला कोबा मात्र लाइलचा जीव की प्राण. लग्नानंतर चौथ्या वर्षी त्याने आणि त्याच्या भावाने तो स्वतःच्या हातांनी घातला. भाऊ दमून घरी गेला तरी हा लोखंडी थापी घेऊन घोटत बसला होता. मी जेवायला हाक मारायला गेले तर म्हणाला, "आर्डिस, वाकून बघ. तोंड दिसतंय." खरंच दिसत होतं. अडतीस वर्षं मी त्या गुळगुळीत कोब्याचं कौतुक ऐकलं, आणि पाहुण्यांनाही ऐकवलं.

मग लाइलला कंपवाताने धरलं. पाय उचलून टाकणं गेलं, तो जमिनीवरून घासत घासत चालू लागला. मार्चमध्ये गाडीच्या चाकांवरचा बर्फ वितळून कोब्यावर पाणी साचलं होतं. त्याच आरशावर तो घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. आमची मुलगी मारिट दोनशे मैलांवरून आली. दवाखान्याच्या बाहेर गाडीत बसून ती म्हणाली, "आई, डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. बाबा अजून एकदा पडले तर त्यांना घरी ठेवता येणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे गावाबाहेरचा तो वृद्धनिवास. तुला कळलंय, उगीच विचारू नकोस."

मला कळलं होतं. तिथे खिडकीशी बसवून ठेवलेल्या म्हाताऱ्यांना मी दर नाताळात चर्चतर्फे बिस्किटं वाटत आले आहे. लाइल दर वेळी गाडीतच बसून राहायचा, आत येत नसे. त्याला तिथे जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच मी त्या दिवशी ठरवलं. त्यासाठी गॅरेजची जमीन बदलायची होती.

मी उन्हाळाभर त्याच्या मागे लागले. लाइल बिथरला. "मी घोटलेला कोबा झाकायचा? वर काय घालणार, गालिचा?"

"तुझ्या कोब्यानेच तुला पाडलं."

"कोब्याने नाही, पाण्याने पाडलं."

"बरं. मग पाण्याला सांग, येऊ नकोस म्हणून."

त्यावर तो हसला, आणि मी ते होकारातच धरलं.

नमुने आणून मी स्वयंपाकघरात मांडले. प्रत्येकावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि लाइलने बूट घालून त्यावरून चालायचं, अशी माझी परीक्षा. मी मागून त्याचा पट्टा धरून उभी. रबरी चटई आधी बाद झाली. तिची कड वर वळलेली होती आणि त्याचा अंगठा बरोबर तिथेच अडकला. मग एकमेकींत अडकवायच्या प्लॅस्टिकच्या चौकटी. पाणी खाली जावं म्हणून त्यांना भोकं असतात. दिसायला मला त्याच आवडल्या होत्या. लाइलची काठी पहिल्याच भोकात रुतली.

"मासे पकडायला बरी आहे," तो म्हणाला. "गोठलेल्या तळ्यावरच्या बर्फाला असंच भोक पाडतात."

साधा रंग तर चाकाबरोबर पापुद्र्यांनी उचलून येतो, हे शेजारच्या ऑर्विल स्कारच्या गॅरेजमध्ये बघितलंच होतं. शेवटी राहिला तो वाळून दगडासारखा होणारा इपॉक्सीचा लेप, वर बारीक वाळू टाकून खरखरीत केलेला. त्याला कुठे सांधा नाही की कड नाही. लाइल त्याच्या ओल्या तुकड्यावर उभा राहिला, पाय घासून पाहिला, पुन्हा घासला. पाय सरकला नाही.

"इतकंही वाईट नाही," तो म्हणाला.

आमच्याकडे याहून मोठी स्तुती कोणी करत नाही. मी त्या रात्री मारिटला फोन करून सांगितलं की काम फत्ते.

लेप देणारा क्लेटन ब्रुन सप्टेंबरात आला. तिशीचा, कामाला चोख. त्याने कोब्यावर प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटवला आणि दोन दिवसांनी उचलला. खाली दवासारखे थेंब होते. "मिसेस टॉलेफसन, खालून ओल येतेय. आता लेप दिला तर वर्षात फुगेल. पन्हाळीचं पाणी लांब काढा आणि थांबा."

मी थांबले. टिकाऊ काम हवं होतं ना! ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात प्लॅस्टिकखाली कोरडं निघालं. क्लेटन म्हणाला, "आत्ता नाही तर मग एकदम मे महिन्यात. थंडीत हा लेप धरत नाही." मे म्हणजे आणखी एक हिवाळा त्याच आरशावरून चालायचं. मी म्हटलं, आत्ताच कर.

गॅरेज रिकामं केलं. बर्फाची फावडी, बर्फ वितळवायच्या मिठाच्या गोण्या, सगळं ऑर्विलकडे नेऊन ठेवलं. क्लेटनने यंत्राने कोबा खरवडला. लाइल स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. पांढरी धूळ उडाली तेव्हा त्याने तोंड फिरवलं. मला वाईट वाटलं.

लेप देऊन झाल्यावर क्लेटनने वास आत येऊ नये म्हणून मला स्वयंपाकघराचं दार आतून चिकटपट्टीने बंद करायला लावलं. "तीन दिवस पाय ठेवायचा नाही. गाडी आठवड्याने. ओल्यावर पाऊल पडलं तर खूण कायमची राहील."

मारिट फोनवर म्हणाली, "ते तीन दिवस दोघं माझ्याकडे या ना."

"तीन दिवसांसाठी कशाला यातायात?" मी म्हटलं. "घरातच तर बसायचंय. लागलंच तर पुढचं दार आहे." आणि लाइलने पंधरवड्यापूर्वीच लावलेली चिकटपट्टी मी स्वतःच्या नखांनी काढली. त्या पायऱ्यांकडे मी बघितलंसुद्धा नाही. सगळा उन्हाळा मी हातभर चटईची कड तपासत होते, आणि बारा वर्षं कठडा नसलेल्या तीन पायऱ्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. ज्या दाराने कोणी जातच नाही, त्याच्यावर मीठ तरी कोण टाकणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइलने लापशी अर्धीच टाकली. त्याचं मन धरायला मी म्हटलं, "काल क्लेटन जाताना मी दारातून बघितलं. काय चमकतंय माहितेय? अगदी तुझ्या कोब्यासारखं. तोंड दिसतं."

"खरखरीत आहे ना? मग तोंड कसं दिसेल?"

"दिसतं म्हणजे दिसतं."

खोटं होतं ते. मला वाटलं, म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटेल.

मी बशा धुवायला घेतल्या. नळ चालू होता. पुढचं दार उघडल्याचा आवाज मला आला नाही. आला असता तरी तो कसला आवाज हे मला पटकन कळलं नसतं, इतका तो आमच्या घरात परका. गॅरेजच्या बाजूला एक छोटी खिडकी आहे. तिथून डोकावून बघायला तो निघाला होता. पहाटे बारीक पाऊस पडून गेला होता आणि पडता पडताच गोठला होता.

मी पोचले तेव्हा तो खालच्या पायरीशी कुशीवर पडला होता, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. ओरडत नव्हता. "काठीने धरलं नाही गं," एवढंच म्हणाला. मी त्याच्यावर पांघरूण घातलं आणि फोन केला. रुग्णवाहिका येईपर्यंत काय करावं सुचेना. ते लोक घसरतील म्हणून मी स्वयंपाकघरातला मिठाचा डबा आणला आणि गुडघ्यांवर बसून चिमटीचिमटीने पायऱ्यांवर मीठ टाकत राहिले, जेवणात टाकतात तसं. मिठाच्या तीन गोण्या ऑर्विलकडे होत्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण भूल उतरली तरी लाइल पुरता जागा झाला नाही. त्याचं मन त्या सकाळपाशीच अडकून राहिलं. नाताळाच्या आधी त्याला निवासात हलवलं. खोली बरी आहे. खिडकीही आहे.

मारिट एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. एकदा मीच म्हटलं, "तुझं ऐकायला हवं होतं." तर ती म्हणाली, "आई, कॉफी घेतेस का?" आणि कितीतरी वेळ साखर ढवळत राहिली.

लेप उत्तम झालाय. क्लेटन येऊन बघून गेला, जाताना त्याने टोपी काढली. मी रोज गाडी आत घेते. बर्फ वितळतो, पाणी साचतं आणि माझा पाय जरासुद्धा सरकत नाही. पंधरा वर्षं काही होणार नाही म्हणतात. त्या जमिनीवर लाइलचं एक पाऊल पडलेलं नाही.

त्याला भेटायला मी रोज दुपारी जाते. गेल्या गेल्या तो विचारतो, "आर्डिस, कोबा वाळला का?"

पहिल्यांदा मी खरं सांगितलं. "वाळला रे, कधीच." त्याने लगेच पांघरूण बाजूला केलं आणि पाय पलंगाखाली सोडायला लागला. "मग बसलीस काय? चल घरी." दोन परिचारिकांनी त्याला धरून परत झोपवलं. तो लहान मुलासारखा रडला. मी तोवर लाइलला कधी रडताना बघितलं नव्हतं, त्याची आई गेली तेव्हाही नाही.

तेव्हापासून मी सांगते, "नाही रे, अजून ओला आहे. थंडी आहे ना, वेळ लागतोय."

हे त्याला पटतं. तो मान डोलावतो, कारागिराने डोलवावी तशी. "घाई करू नकोस," तो म्हणतो. "ओल्यावर पाऊल पडलं तर खूण राहते."

"नाही करत," मी म्हणते, आणि त्याचं पांघरूण नीट करते.