काहीही न होण्याची नोकरी

मी प्रयोगशाळेतली पांढरी उंदरीण बोलतेय, पिंजरा क्रमांक नऊ. आम्ही बारा बहिणी. सहा जणींना प्रयोग करणारी ताई धुरात सापडणारं एक रसायन तेलात मिसळून पाजायची, आम्हा सहा जणींना नुसतं तेल. आम्हाला काही झालं नाही, तरच त्यांना काय झालं ते कळणार. थोडक्यात, काहीही न होणं ही माझी नोकरी.

ते रसायन पेशीतल्या न्यूक्लिक आम्लाला चिकटतं, लोकरीला गोखरू चिकटावं तसं. शरीराचे सगळे हुकूम त्या आम्लावर लिहिलेले. ते चुकीचे वाचले गेले तर पुढे कर्करोग. शरीर बिचारं बिघडलेला तुकडा कापून लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणून ताई आमची लघवी अत्तरासारखी बाटल्यांत जपायची. इतकं कौतुक आमच्या आईनेही केलं नव्हतं.

पिंजरे धुणाऱ्या मावशींना मात्र आमची दया यायची. "त्यांना औषध आणि तुम्हाला नुसतं तेल? हा कुठला न्याय?" असं पुटपुटत त्या रोज डब्यातल्या पावाच्या करपलेल्या कडा आम्हा सहा जणींना वाटायच्या. आम्ही खायचो. नाही म्हणायला आम्हाला कोणी शिकवलंय?

एका सकाळी ताई कपाळाला हात लावून बसली. आमच्या सहाही बाटल्यांत ते बिघडलेले तुकडे सापडले होते.

ताईचे वरिष्ठ, प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "म्हणजे तेलच खराब. वर्षभराचं काम पाण्यात. पुन्हा सुरुवात करा."

ताईचे डोळे भरून आले. मावशींचा ब्रश थांबला.

"ताई, यांना पाव चालतो ना?"

"कसला पाव?"

"करपलेला. एवढासाच. रोज."

"मावशी, करपलेल्यात तेच रसायन असतं."

"अगं बाई. आणि मी भांडण झालं की नवऱ्याला मुद्दाम करपलेलाच वाढते."

सरांना एकदम खोकला आला.

आमचा पाव त्याच दिवशी बंद झाला. तेल तेच ठेवलं. दीड महिन्याने बाटल्या पुन्हा तपासल्या, सहाही स्वच्छ. तेल निर्दोष सुटलं आणि ताईचं काम वाचलं. सर मावशींना कामावरून काढायला निघाले होते, पण ताई म्हणाली, "त्या बोलल्या नसत्या तर आपल्याला कळलं असतं का?"

माणसांनो, लाड करा, पण काय खायला घातलंत ते वेळेवर सांगत जा.

मावशी आता रिकाम्या हाताने येतात आणि पिंजऱ्याशी बसून नुसत्या गप्पा मारतात. गप्पा न्यूक्लिक आम्लाला चिकटत नाहीत, हे त्यांनी ताईला आधी विचारून घेतलंय.