कुलूप उघडण्याआधी

"बाई, तुमच्या त्या घट्ट कप्प्यावर आम्ही सगळे जाम हसलो," फोनवरचा माणूस म्हणाला. "वडील म्हणाले, जी बाई साधा कप्पा लपवत नाही, ती दुसरं काय लपवणार? मग घर बघायला आलोच नाही. सरळ विसार भरून टाकला."

मी समोरचा चहा बाजूला सरकवला. "कुठला कप्पा?"

"स्वयंपाकघरातला हो. तिसऱ्या मजल्यावरचा तो मागचा फ्लॅट. 'डावीकडचा एक ओढायचा कप्पा जरा घट्ट बसतो, सुताराकडून तेवढं करून घ्या.' व्हिडिओत तुम्हीच सांगता की!"

तो आपल्याच आनंदात होता.

"वडिलांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. आता एका डोळ्यानं अंधूक दिसतं, तेही चांगला उजेड असला तर. तुम्ही म्हणालात ना, मागच्या खोलीत दिवसभर उजेड असतो, ते वाक्य त्यांनी मला चारदा लावायला लावलं. टेबल त्या खिडकीलाच लावायचं ठरलंय. परवा येतोच सही करायला."

मी फोन ठेवला. तो फ्लॅट मला चांगला आठवत होता. दोन वर्षांपूर्वी मी तिथे जाऊन बसले होते. मागच्या खोलीची खिडकी हवेच्या बोळात उघडते, आणि हात लांब केला की समोरच्या इमारतीची भिंत लागते. भरदुपारी दिवा लावल्याशिवाय तिथे स्वतःची चप्पल सापडत नाही.

या ऑफिसात मी चोवीस वर्षं घरं दाखवते आहे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून नाव पडलं किल्लीबाई. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं आहे. नवीन घर आलं की आधी मी एकटी जाते. सगळे नळ सोडते, प्रत्येक खोलीत दिवे बंद करून पाच मिनिटं बसते, भिंतीला कान लावून शेजारी भांडतात का ते ऐकते. आणि गिऱ्हाईक आलं की कुलूप उघडण्याआधी, जिन्यातच, घराचं सगळं उणं सांगून मोकळी होते. एकदा माणूस आत गेला की तो भुलतो. पडद्यांचे रंग ठरवायला लागतो, मग त्याच्या कानात काही शिरत नाही.

निम्मी गिऱ्हाइकं जिन्यातूनच माघारी जायची. जुने मालक कपाळाला हात लावायचे. पण जी आत आली ती घर घेऊनच गेली, आणि पुढे आपल्या मेहुण्याला, व्याह्यांना, साहेबांना माझ्याकडे पाठवत राहिली. मग जुन्या मालकांनीही मला बोलायचं सोडून दिलं. आता ते नाहीत. त्यांच्या खुर्चीत त्यांचा मुलगा बसतो. शाळा सुटली की माझ्या टेबलाखाली बसून चित्रं काढणारा हाच तो. चारचौघांत मी त्याला मालक म्हणते, एकटा असला की अरे-तुरे करते.

मी उठले आणि मार्केटिंगच्या मुलीच्या टेबलाशी गेले. ती सहा महिन्यांपूर्वी आली. हुशार आहे, कामाला वाघ आहे, आणि घर म्हणजे काय हे तिला फक्त स्क्रीनवर माहीत आहे.

"तो तिसऱ्या मजल्याचा व्हिडिओ लाव बघू."

तिनं लावला. पांढऱ्याशुभ्र भिंती, कुणाचा तरी उंची सोफा, फुलदाणी. दोन वर्षांपूर्वी तिथे पोपडे आणि एक मोडका स्टूल होता. कॅमेरा सरकत मागच्या खोलीत गेला आणि खिडकीत चक्क झाडं हलायला लागली. वर निळं आभाळ. आणि माझा आवाज आला. माझाच. वाक्य संपताना मी जरा खाली येते, ते सुद्धा तसंच.

"या खोलीत दिवसभर उजेड असतो. सकाळी उठलात की समोर झाडं."

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

"हे मी कधी बोलले गं?"

"बोलला नाहीत, बाई. ते तयार होतं. तुमची तीनशे वाक्यं रेकॉर्ड केली होती ना, त्यावरून."

आठवलं. काचेच्या खोलीत बसवून तिनं माझ्याकडून वाचून घेतलं होतं. 'या', 'सांभाळून', 'डावीकडे वळा', असलं काहीबाही. मला वाटलं, ऑफिसच्या फोनवरच्या टेपसाठी असेल. शेवटी एका कागदावर सही घेतली. चोवीस वर्षं मी लोकांना करारनामा ओळ न ओळ वाचायला लावला, आणि स्वतःची सही चष्मा न लावता केली.

"आणि तो कप्पा? तो तरी घट्ट आहे का?"

ती जरा ओशाळली. "माहीत नाही. मी गेलेच नाहीये तिथे."

"मग लिहिलास कशाला?"

"रागावू नका ना. नुसतं चांगलंच सांगितलं तर लोक व्हिडिओ अर्ध्यात सोडतात. एक बारीकसं उणं घातलं की शेवटपर्यंत बघतात, फोनही करतात. मी दोन्ही तऱ्हांनी करून बघितलंय, आकडे आहेत." मग तिनं अगदी मनापासून म्हटलं, "हे तुमच्याकडूनच शिकले मी."

तिचा एक कान धरावासा वाटला. पण बिचारीनं मला खूश करायलाच सांगितलं होतं ते. मी तडक मालकाच्या केबिनमध्ये शिरले आणि दार लावून घेतलं.

"तिसरा मजला. मागची खोली. तुला माहीत आहे ना तिथे काय आहे?"

त्यानं लॅपटॉपवरून नजर काढली नाही. "त्यांनी येऊन बघायचं होतं. व्हिडिओच्या खाली लिहिलंय, चित्रं प्रातिनिधिक आहेत."

"मुंगीएवढ्या अक्षरात. आणि त्या म्हाताऱ्याला दिसत नाही. त्यानं ऐकलंय. माझं ऐकलंय!"

"बाई, बसा आधी." त्यानं खुर्ची ओढून दिली. "मी तुमच्याशी बोलणारच होतो. तुमचे गुडघे बघतोय मी. किती दिवस जिने चढणार? घरी बसा आरामात. आवाज इथे काम करेल, पगार घरपोच येईल. सगळा. असं कोण करतं आजकाल?"

खोटं कशाला बोलू, क्षणभर मी पाघळले. आमचे हे घरी बसलेले, माझे दोन्ही गुडघे बोंबलणारे, आणि इथे बसल्या जागी पगार. पण मग डोळ्यांसमोर ते टेबल आलं, त्या बोळाच्या खिडकीला लावलेलं. म्हातारा घड्याळ हातात घेऊन उजेड कधी येतो म्हणून बसलाय आणि मनात म्हणतोय, त्या बाई तर म्हणाल्या होत्या.

"त्यांना फोन करून खरं सांग."

"आता? परवा सही आहे."

"मग मी सांगते."

"तुम्ही काही सांगायचं नाही!" त्याचा आवाज चढला. "त्या आवाजावर तुमची सही आहे. तो आता ऑफिसचा आहे."

"आवाज ठेव तू. माझ्या शब्दावर मी सही केलेली नाही."

बाहेर येऊन मी त्या फ्लॅटची किल्ली काढली. चोरून नाही, सगळ्यांच्या देखत. मार्केटिंगच्या मुलीनं विचारलं, "बाई, कुठे?" मी म्हटलं, "जिथे तू कधी गेली नाहीस, तिथे."

तिसरा मजला चढेपर्यंत गुडघ्यांनी मला माझे सगळे पूर्वज आठवायला लावले. ऑफिसच्या इंटरनेटवरच्या पानावर लोक प्रश्न विचारायचे आणि 'किल्लीबाई उत्तर देतात' म्हणून मी उत्तरं लिहायचे. त्यामुळे ते पान माझ्याही फोनवर उघडायचं. मी लाइव्हचं बटण दाबलं. पहिलं मिनिटभर लोकांना नुसता माझा अंगठा दिसला, हे नंतर कळलं.

"मी किल्लीबाई," मी बंद दारासमोर उभी राहून सांगितलं. "आधी उणं सांगते. लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद पडते. पाणी सकाळी तासभर, तेही करंगळीएवढं. आणि मागच्या खोलीत उजेड नाही. झाडंबिडं काही नाहीत. मी सांगितलं असं तुम्ही ऐकलं असेल, तर ते मी सांगितलेलं नाही. आता कुलूप उघडते."

आत गेले, मागच्या खोलीत उभी राहिले, दिवा लावला आणि पुन्हा बंद केला.

"काही दिसतंय? नाही ना? मलाही नाही. दुपारचे साडेबारा वाजलेत."

खाली लोकांची अक्षरं सरसर वर चढत होती. मी फोन डोळ्यांजवळ नेऊन ती वाचली आणि हसावं की रडावं कळेना. 'हाही बनवलेला दिसतोय.' 'आवाज जरा चिडका केलाय, पण मस्त.' 'किल्लीबाई खरोखर असतात का?' एवढ्यात चित्रच बंद झालं. ऑफिसातून कुणीतरी बंद केलं होतं.

पाठोपाठ मालकाचा फोन आला. मी उचलला नाही. मग त्या घड्याळवाल्यांच्या मुलाचा आला.

"बाई, हा काय प्रकार आहे?" त्यानं एकदम विचारलं. "सकाळपर्यंत उजेड होता, आता नाही म्हणता. दोन्हीकडे तुमचाच आवाज. मी कुणावर विश्वास ठेवायचा?"

चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी काही सांगितलं आणि ते माझंच आहे हे मला दाखवून देता येईना. माझ्याजवळ होतं नव्हतं ते माझं हे सांगणंच होतं, आणि ते त्यांनी बनवून दाखवलं होतं.

"माझ्यावरही ठेवू नका," मी म्हणाले. "वडिलांना घेऊन या. मी जिन्यात बसले आहे. तुम्ही येईपर्यंत हलत नाही."

ते यायला सव्वा तास लागला. लिफ्ट बंद होती. म्हातारा कठड्याला धरून, मोजून पावलं टाकत वर आला. इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात बारीक पेचकस. मी उठून उभी राहिले आणि सगळं उणं पुन्हा सांगितलं, त्याच क्रमानं. त्यानं मान तिरकी करून ऐकलं. मग मी दार उघडलं आणि आतले दिवे लावले.

भिंतीला हात लावत तो मागच्या खोलीत गेला. "दिवा बंद करा," म्हणाला. स्वतःचा पंजा त्यानं डोळ्यांसमोर धरला, जवळ आणला, लांब नेला.

"किती वाजले?"

"पावणेदोन," मी म्हणाले.

"दुपारचे?"

"हो, काका."

त्यानं हात खाली घेतला. मुलगा मात्र माझ्यावर उखडला. "आता आम्ही काय करायचं? राहतं घर विकलंय आम्ही, महिन्याभरात सोडायचंय. हे आधी का नाही सांगितलंत?"

मी ऐकून घेतलं. मला आज सकाळीच कळलं, हे सांगण्यात काय अर्थ होता? सांगणारा आवाज माझाच होता.

"तिच्यावर ओरडू नकोस," म्हातारा म्हणाला. "तिनं आज सांगितलं. परवानंतर कुणी सांगितलं असतं?" उतरताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही दोघंही दुखऱ्या पायांचे, एकेक पायरी थांबत उतरलो. विसार परत मिळेपर्यंत हलायचं नाही असं मी त्यांना बजावलं, आणि त्यांच्यासोबत ऑफिसात गेले.

तिथे सगळा जुडगा मी मालकाच्या टेबलावर ठेवला. इतकी वर्षं डाव्या बाजूला वजन होतं, ते गेल्यावर मी चालताना चक्क तिरकी झाले.

"आवाज राहील, बाई," तो खाली बघत म्हणाला. "सही आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं. रडू फुटणार होतं, पण त्याला ते दाखवायला मी तयार नव्हते. मार्केटिंगच्या मुलीनं मात्र दारापर्यंत येऊन विचारलं, "त्या खोलीत खरंच काही दिसत नाही?" मी म्हटलं, "जाऊन बस पाच मिनिटं. दिवा लावू नकोस."

तीन आठवड्यांनी मी गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे बाकावर बसले होते. शेजारी एक बाई होती, मांडीवर फायली, कानाशी धरलेला फोन. कर्कश आवाज बाहेर येत होता, आणि तो माझा होता. कुठल्यातरी नव्या इमारतीतला पहिला मजला दाखवत होते मी. हवा खेळती, शेजार शांत. बाल्कनीचा एक गज तेवढा रंगवून घ्या.

ती बाई हसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "किती सरळ सांगते नाही ही? आजकाल असं कोण सांगतं!"

"तिनं ते घर पाहिलेलं नाही," मी म्हणाले.

तिच्या कपाळाला आठी पडली. "तुम्हाला काय माहीत?"

"खेळती हवा म्हणाली ना? इमारतीच्या मागे काय आहे ते बोलली का? पाणी किती वाजता येतं? वरच्या मजल्यावर कोण राहतं? काही विचारू नका तिला, ती उत्तर देणार नाही. पत्ता सांगा, मी येते तुमच्याबरोबर. आतलं तुम्ही बघा. मी आधी जिन्यात बोलेन."

आतून माझा नंबर पुकारला. मी उठले नाही.

ती बाई एकदा फोनकडे बघे, एकदा माझ्या तोंडाकडे. फोनमधली मी अजून बोलतच होते, उजवीकडच्या खोलीत या, सांभाळून, इथे एक पायरी आहे. मग तिनं अंगठ्यानं तो आवाज बंद केला आणि फोन पालथा घालून मांडीवर ठेवला.

"हं," ती म्हणाली. "बोला."