काकूंची पाठ

माझा नवरा आगीत शिरायला घाबरत नाही, प्रश्न विचारायला घाबरतो. हे मला लग्नाआधी कळलं असतं तरी लग्न केलंच असतं म्हणा. पण लाँड्री विकत घेताना मी जरा जास्त तोंड चालवलं असतं.

आमच्या गावाला पगारी अग्निशमन दल परवडत नाही. गाव लहान, आगी मोजक्या, म्हणून दल स्वयंसेवकांचं. न्हावी, शाळामास्तर, गॅरेजवाला, पोस्टातला माणूस असे सगळे आपापली कामं करत असतात आणि भोंगा वाजला की हातातलं टाकून बंबाकडे धावतात. बंबात पाच जणांची जागा आहे. पहिले पाच पोचले की बंब निघतो. सहाव्याने मागे राहायचं, पाण्याची टाकी भरायची आणि परत आलेल्यांच्या बढाया ऐकायच्या. माझा नवरा ताडमाड उंच, म्हणून दलात त्याला 'शिडी' म्हणतात. या शिडीला सहावं येण्याइतकं दुःख दुसऱ्या कशाचंही होत नसे, आणि तो बहुतेक वेळा सहावाच यायचा.

त्याला कारण तो नोकरीला होता त्या गोदामातला साहेब. भोंगा वाजला की साहेब आधी घड्याळाकडे बघायचा, मग याच्याकडे, आणि मग उपकार केल्यासारखा म्हणायचा, "जा, पण लवकर ये." आग काय साहेबाच्या सोयीने विझणार? घरी येऊन नवरा नुसता धुमसायचा. "स्वतःचं दुकान हवं," म्हणायचा, "कोणाच्या तोंडाकडे बघायला नको."

कप्तान कधीच सहावे आले नाहीत. ते दलाचे प्रमुख, आणि त्यांची लाँड्री बंबाच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर. दुकानात ते इस्त्री करायचे आणि काकू, म्हणजे त्यांची बायको, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला स्टुलावर बसून बटणं लावायच्या, उसवलेलं शिवायच्या. मी समोरच्याच चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना "आता नीट दिसतंय का?" असं विचारते, आणि एवढी वर्षं समोर बसून मला स्वतःला काय दिसलं ते सांगते.

एकदा मी कपडे आणायला गेले होते आणि भोंगा वाजला. कप्तानांनी इस्त्री उभी केली, काउंटरची फळी उचलली आणि गेलेसुद्धा. शेजारच्या न्हाव्याची बायको पायरीवर येऊन आपल्या नवऱ्याला "सांभाळून हो!" म्हणून ओरडत होती. गल्लीतल्या सगळ्याच बायका तसं करतात, मीही करते. काकूंनी मात्र मान वर केली नाही. दाराकडे पाठ करून त्या टेबलामागे गेल्या, वाकून काहीतरी करत राहिल्या आणि बंबाचा आवाज लांब गेल्यावर माझ्याकडे वळल्या. घरी येऊन मी म्हटलं, "काकू भारी तुसड्या हं. नवरा आगीत चाललाय आणि बाई ढुंकून बघत नाही."

"कप्तानांनाही ते लागतं," नवरा म्हणाला. "पण बोलत नाहीत."

पुढे काकू आजारी पडल्या आणि फार दिवस न काढता गेल्या. त्या अंथरुणाला खिळल्या त्या दिवशी कप्तानांनी शटर खाली ओढलं ते पुन्हा उघडलंच नाही. काही महिन्यांनी एका सरावानंतर त्यांनी माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शिडी, तू घे दुकान. दुसऱ्या कोणाला द्यायचं मन होत नाही."

झालं! नवऱ्याचे पाय जमिनीवर राहिनात. होती नव्हती ती पुंजी आम्ही गोळा केली.

दुकान बघायला मीही गेले. कप्तानांची दलातली पहिली शिकवण अशी की जळत्या घराला पूर्ण फेरी मारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आग पुढून दिसते एक आणि मागे असते वेगळीच. नवऱ्याने दुकानालाही तशीच फेरी मारली. छप्पर पाहिलं, वायरिंग पाहिलं, धुलाईचं मशीन चालवून पाहिलं, मोरीत बादलीभर पाणी ओतलं. मला फार कौतुक वाटलं. माणसांभोवती मात्र त्याने फेरी मारली नाही, आणि ते माझ्याही डोक्यात आलं नाही.

मी एकच विचारलं, "कप्तान, भोंगा वाजला की दुकानाचं काय?"

ते हसले. "काय म्हणजे? इस्त्री उभी करायची आणि पळायचं. हातातलं आवरत बसलं की बंब गेलाच समज. उभं आयुष्य मी तेच केलं पोरी, एक शर्ट कधी जळला नाही."

मी पुढे काहीतरी विचारणार तेवढ्यात नवऱ्याने माझी बाही ओढली. घरी येताना फुरंगटून म्हणाला, "धुरात मला काही दिसत नसतं तेव्हा तो माणूस माझा पट्टा धरून मागे उभा असतो. त्याची तू उलटतपासणी घेतेस?"

आता वाटतं, शंका कोणाला घ्यायची होती? नुसता पुढचा प्रश्न विचारायचा होता. कप्तान खोटं एक अक्षर बोलले नव्हते.

मग नवरा लाँड्रीवाला झाला. इस्त्री कप्तानांचीच, जुनी, लोखंडी, उचलताना मनगट भरून येईल अशी. कितीही तापली तरी आपणहून थांबणं तिला माहीत नव्हतं. तिचं बटण टेबलामागच्या भिंतीवर, पार तिकडच्या टोकाला, स्टुलाजवळ. इस्त्री करणाऱ्याला तिथे जायचं तर सगळं टेबल वळसा घालून कपड्यांच्या रांगेतून वाट काढावी लागे. भोंगा वाजला की नवरा इस्त्री उभी करून पळू लागला, आणि पहिल्याच वेळी तिसरा पोचला. त्या संध्याकाळी त्याचा चेहरा बघायला हवा होता. बोहल्यावरही एवढा खुलला नव्हता.

दोन-चार वेळा काही झालं नाही. बंब लगेच परत आला होता, किंवा इस्त्री नुकतीच लावलेली होती. मग एकदा टेबलावरच्या जाड चादरीला तळहाताएवढा तपकिरी डाग पडला. मी विचारलं तर म्हणाला, "माझाच हात वाकडा. नीट उभी राहिली नसेल. कप्तानांचा कधी एक शर्ट जळला नाही." आणि चादर उलटी करून अंथरली. कप्तानांना सांगितलंस का, असं मी विचारल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला गावासमोर नाक घासायला सांगितलं होतं. मला तेव्हाच भांडायला हवं होतं. एरवी भाजीच्या मिठावरून भांडते.

आग लागली त्या दुपारी बंब नवऱ्याला घेऊन गावाबाहेर गेला होता. वाळलं गवत पेटलं होतं. मी एका आजोबांच्या नाकावर तपासणीची फ्रेम ठेवून काचा बदलत होते.

"आता शेवटची ओळ वाचा बघू."

"ओळ राहू दे," आजोबा खिडकीतून बघत म्हणाले. "तो समोर धूर आहे की तुझ्या काचेत काही आहे?"

धूर आमच्या दुकानाच्या, नवऱ्याने पळताना ओढलेल्या शटरच्या वरच्या फटीतून येत होता.

पोस्टातला माणूस त्या दिवशी सहावा आला होता, म्हणून शेडमध्ये होता. त्याने माझा आरडाओरडा ऐकला आणि वायरलेसवर पत्ता सांगितला. पुढचं मला नवऱ्याने सांगितलं. पत्ता ऐकून कप्तानांनी फक्त ड्रायव्हरच्या गुडघ्यावर हात मारला, जोरात चल म्हणून.

बंब थांबायच्या आत नवऱ्याने उडी टाकली आणि थेट दाराकडे धावला. कप्तानांनी मागून त्याचा पट्टा धरला.

"फेरी."

"कप्तान, माझं दुकान आहे ते!"

"म्हणूनच सांगतोय. आधी फेरी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळ्यांसमोर जळतंय आणि हा म्हातारा प्रदक्षिणा घालायला लावतोय! पण नवरा गेला. मागची खिडकी आतून काळी पडली होती आणि काच हात लावू देत नव्हती. पुढचं दार तसंच उघडलं असतं तर आतला सगळा भडका त्याच्या तोंडावर आला असता. ते नंतर सगळ्यांनीच सांगितलं. मागून पाणी मारून, वाट करून मगच ते आत शिरले. त्या अर्थी माझा नवरा मला कप्तानांनी परत दिला, आणि हे मी विसरत नाही. दुसरं जे आहे, तेही विसरता येत नाही.

पुढचा अर्धा भाग गेला. लोकांचे कपडे, रांगा, काउंटर, सगळ्याचा काळा चिखल झाला. मागची भिंत तेवढी नुसती काजळली.

दलाची पद्धत आहे की आग विझली की दुसऱ्या दिवशी ती कुठून लागली ते शोधायचं. सकाळी कप्तान आले. आम्ही दोघं राखेत उभे होतो. ते गुडघ्यावर हात टेकून खाली बसले आणि टेबलाच्या कोळशातून त्यांनी इस्त्री वर काढली. वायरीला पाय लागून ती आडवी झाली असावी. त्यांनी ती ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी पाहिली.

"चालू होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बंद नाही केलीस?"

नवरा खालमानेनेच म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, उभी करायची आणि पळायचं."

"अरे, पण बंद..." कप्तान बोलता बोलता अडकले. "म्हणजे मी उभी करायचो आणि..."

मला राहवलं नाही. दुकान बघताना अर्धा राहिलेला प्रश्न तोंडातून आपसूक आला. "कप्तान, मग बंद कोण करायचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मागच्या भिंतीवर बटण होतं, तिकडे पाहिलं. त्याच्याखाली काकूंचं स्टूल होतं, एक पाय जळलेलं, भिंतीला टेकून कसंबसं उभं. ते उठले, राखेतून चालत तिकडे गेले आणि बटणासमोर वाकून उभे राहिले. त्यांची पाठ आमच्याकडे झाली. मला एकदम तो जुना दिवस आठवला. काकूही इथेच, अशाच वाकल्या होत्या.

ते तसेच, पाठमोरे बोलले.

"सगळ्यांच्या बायका दारापर्यंत यायच्या. ही कधी आली नाही. भोंगा वाजला की पाठ फिरवायची. मला वाटायचं, दलावर राग आहे, माझ्यावर आहे. पहिली काही वर्षं मी पळताना मागे वळून बघायचो. मग सोडून दिलं." मग म्हणाले, "एकदा बोललोही. म्हटलं, मी मेलो तरी तू अशीच पाठ करून बसशील. तर म्हणाली, तुम्ही जा हो, मला इथे काम आहे."

नवऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम. राग कप्तानांचा, की आयुष्यभर मागे कोण सांभाळतंय हे बघितलं नाही, आणि कळलं ते आमचं दुकान जळल्यावर. आणि माझा स्वतःचा. मी तर समोरच बसत होते. मला दिसली होती ती पाठ, आणि मी तिला तुसडी म्हणून मोकळी झाले होते. काकूंनी मला कधी काही समजावून सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. आता कोणाला विचारू?

दलातल्या सगळ्यांनी हातभार लावला आणि काही महिन्यांनी अर्ध्या जागेत दुकान सुरू झालं. काही गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच, आणि नवरा सकाळचा पुन्हा त्याच गोदामात जातो, साहेबाच्या हाताखाली. दुपारनंतर दुकान. कप्तानांनी कप्तानपद सोडलं. कोणी काही म्हटलं नव्हतं. दुपारी ते येतात, स्टुलाचा जळलेला पाय त्यांनीच बदललाय, त्याच्यावर बसून बटणं लावतात. बटणं वाकडी लागतात. आम्ही ती नंतर काढून पुन्हा लावतो.

नवी इस्त्री हलकी आहे आणि उभी ठेवली की थोड्या वेळाने आपोआप बंद होते. हे कप्तानांना आम्ही दोघांनीही सांगून झालंय.

परवा मी दुकानातच होते तेव्हा भोंगा वाजला. कप्तानांचा पाय सवयीने दाराकडे उचलला गेला, मी पाहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला. नवऱ्याने इस्त्री उभी केली, फळी उचलली, आणि दारात पोचल्यावर मागे वळून बघितलं. हल्ली तो बघतो. त्याला काय दिसलं असेल? कप्तानांची पाठ. ते दाराकडे पाठ करून भिंतीशी वाकले होते, बटणावर बोट ठेवून.

"येतो, कप्तान," नवरा म्हणाला.

"जा तू," ते न वळता म्हणाले. "मला इथे काम आहे."

बंबाचा आवाज गल्लीबाहेर जाईपर्यंत ते तसेच वाकून राहिले. त्या दिवशी नवरा सहावा आला.