झिलूच्या छातीतली शांतता

मित्रांनो, रोग्याच्या छातीवर टेकवून श्वास ऐकायची मी एक जुनी लाकडी नळी आहे. एका कारागिराने मला देवदारातून कातले आणि १९०८ साली डॉक्टर दत्तात्रयांबरोबर मी सुप्याजवळच्या रानातल्या एका दवाखान्यात आले.

डॉक्टर फुफ्फुसांचे जाणकार. सकाळी रोगी तपासायचे, दुपारी नर्सचे काम शिकणाऱ्या मुलींना धडे द्यायचे आणि संध्याकाळी दवाखान्याचा सगळा कारभार बघायचे. त्यांचा कान कधी चुकत नाही, असे लोक म्हणत. मला केवढा अभिमान वाटे!

पण रानातल्या हिवतापाने त्यांना सोडले नाही. त्यावरचे औषध कोयनेल, म्हणजे क्विनीन, वर्षानुवर्षे घेऊन त्यांचे कान आधी गुणगुणू लागले, मग मंद झाले. हे मला एकटीलाच ठाऊक होते. ते मला कानाशी अधिकाधिक घट्ट दाबत आणि माझा जीव धास्तावत असे.

एका सकाळी झिलू कुणबी धापा टाकत आला. सोबत बायको पारू. डॉक्टरांनी मला त्याच्या पाठीवर डावीकडे टेकवले. आतून काहीच आवाज आला नाही. ती शांतता छातीची की आपल्या कानाची, हे डॉक्टरांना उमगेना. जरा घुटमळून ते म्हणाले, "छाती साफ आहे रे. जा घरी."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळले असते!

शेजारी काशी उभी होती, शिकणाऱ्या मुलींतली एक. धडा म्हणून तिने मला झिलूच्या पाठीवर टेकवून कान लावला. पुन्हा लावला.

"डाक्टरसाहेब... डाव्या अंगाला श्वासच येत न्हाई."

"काय म्हणालीस?"

"श्वास न्हाई! आत पाणी झालं असंल."

पारूने डॉक्टरांचे पाय धरले. "वाचंल न्हवं माझा घोव?"

डॉक्टरांनी मला बाजूला ठेवले आणि झिलूची पाठ बोटांनी ठोकून पाहिली. बोटांखाली ती जड, भरलेली लागली. त्यांचा चेहरा उतरला. सुई घालून त्यांनी भांडेभर पाणी काढले. दुपारी झिलू धाप न लागता आडवा होऊन झोपू शकला.

त्याच दिवशी डॉक्टरांनी वरिष्ठांना लिहिले, 'माझे कान गेले आहेत. छाती तपासायला दुसरा डॉक्टर पाठवा.' नोकरी जाणार, या काळजीने महिनाभर त्यांना अन्न गोड लागले नाही. शेवटी उत्तर आले. नवा डॉक्टर येणार होता. शिकवणे आणि कारभार मात्र यांच्याकडेच राहणार होते.

त्यांनी मला काशीच्या हातात दिले. "माझी भीड धरली असतीस, तर झिलू घरच्या वाटेतच गेला असता," एवढेच बोलले.

आता मला चीर गेली आहे. मला पुसून, जपून ठेवा. पण मित्रांनो, ऐकू येत नसेल तर तसे सांगायला लाजू नका. आणि धाकटे कुणी काही सांगू पाहत असेल, तर त्याचे शेवटपर्यंत ऐका.