पुठ्ठ्याच्या ट्रॅक्टरची तक्रार

आमच्या घरात कुठलीही वस्तू थेट येत नाही. आधी तिची तालीम होते.

हा आईचा नियम. फ्रिज घ्यायचा होता तेव्हा फ्रिजच्या मापाचं खोकं महिनाभर स्वयंपाकघरात उभं होतं. आम्ही त्याचं नसलेलं दार उघडायचो, वाकून आत बघायचो आणि काहीच न घेता लावून टाकायचो. महिन्याच्या शेवटी आईने जाहीर केलं की दार भिंतीवर आपटतंय, दुसऱ्या बाजूने उघडणारा फ्रिज बघा. बाबांच्या चष्म्याचीसुद्धा तालीम झाली होती. आठवडाभर ते काचांशिवाय नुसती फ्रेम घालून फिरले आणि म्हणाले, "बराच फरक पडला."

त्यामुळे छोटा ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं, तेव्हा वॉशिंग मशीनचं खोकं, बांबू आणि सुतळी घेऊन आई अंगणात बसली, यात आम्हाला काहीच नवल वाटलं नाही. नवल पुढे घडलं.

आमची लिंबांची बाग आहे. झाडांच्या दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर जात नाही. गेलाच तर निम्मं झाड सोबत घेऊन जातो. म्हणून बाबा वर्षानुवर्षं टिलरने मशागत करत आलेत. टिलर म्हणजे पुढे इंजिन, मागे दोन दांडे आणि त्या दांड्यांना लटकलेले बाबा. तो असा थरथरतो की बाबा त्याला चालवतात की तो बाबांना, हे लांबून सांगता येत नाही. हल्ली तर टिलर बंद केला तरी बाबांचा उजवा हात चालूच राहायचा. डॉक्टर म्हणाले, "अजून एक हंगाम हे यंत्र धरलंत, तर शर्टाची बटणं दुसऱ्या कोणाला तरी लावावी लागतील."

"टी-शर्ट घालेन," बाबा म्हणाले.

"आणि जेवाल कसे?" डॉक्टरांनी विचारलं. त्यावर बाबांना विनोद सुचला नाही, असं मी पहिल्यांदाच बघितलं.

म्हणजे ट्रॅक्टर घ्यायचाच, हे पक्कं. वाद फक्त कोणाकडून, एवढाच. एक डीलर चौकात, मागे स्वतःचं वर्कशॉप असलेला. दुसरा लांबच्या शहरात, वर्कशॉप नाही, पण किंमत बरीच कमी. दोघांचे ट्रॅक्टर रंग सोडला तर सख्खे भाऊ वाटावेत असे.

"ट्रॅक्टर आपण चालवायला घेतोय की दुरुस्त करायला?" आई स्वस्ताच्या बाजूने होती. "बंद पडेल म्हणून आधीच पैसे भरायचे? हे कुठलं गणित?"

"आणि ऐन गवत वाढायच्या वेळी बंद पडला तर?" मी म्हटलं.

आम्ही दोघींनी एकदमच बाबांच्या हाताकडे बघितलं. बाबांनी तो खिशात घातला. खिशातल्या किल्ल्या वाजायला लागल्या.

डेमो दोघांनीही देऊन झाला होता, पण डेमोवर आईचा काडीचा विश्वास नाही. "बघायला आल्यावर सगळेच गोड बोलतात," ती म्हणाली. "खरं रूप बिघडल्यावर कळतं."

"मग बिघडवू या," मी म्हटलं.

आईचे डोळे असे चमकले, की मला क्षणभर भीती वाटली. मी या घरात जन्माला आल्याचं सार्थक झालं, असा तिचा चेहरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचा ट्रॅक्टर तयार झाला. माप अगदी चोख. बाबा आत शिरून, तो कमरेला धरून, तोंडाने आवाज काढत तिसऱ्या ओळीत गेले आणि मधोमध थांबले. "बंद पडला!" त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं. आता फोन करायचे होते. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून घरातले सगळे फोन माझ्याच गळ्यात पडतात, आणि खरं सांगायचं तर मला ते भयंकर आवडतं.

आधी स्वस्तवाल्यांना लावला. बरंच संगीत ऐकवून झाल्यावर एका आवाजाने मशीनचा नंबर मागितला. खोक्यावर जो छापला होता तो मी वाचून दाखवला. फोन ठेवते न ठेवते तोच मेसेज आला: तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. कृपया आम्हाला पाच तारे द्या.

"बघ!" आई म्हणाली. "किती तत्पर!"

"अगं, कोणी आलंच नाही!"

"यायची गरज पडली नाही, म्हणजे अजूनच चांगली सर्व्हिस." तिने स्वतःच्या हाताने पाच तारे दिले.

मग चौकातल्या शोरूमला लावला. मालकीणबाईंनी स्वतः उचलला. "बोला."

"आमचा ट्रॅक्टर बंद पडलाय."

"कोणाकडून घेतलाय?"

"अजून घेतलेला नाही."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "उभा कुठे आहे?"

"बागेत. तिसऱ्या ओळीत."

"मेस्त्रींना पाठवते. कुत्रं असेल तर बांधून ठेवा, मागच्या वेळी एका ठिकाणी त्यांची पँट गेली."

दुपारी मेस्त्री आले. जाड मिशा, इस्त्रीचा डगला, खिशाला तीन पेनं आणि चेहऱ्यावर मोठ्या सर्जनचा भाव. ते पुठ्ठ्याच्या ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून आले. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. आता हे हसतील किंवा शिव्या घालतील.

"कधीपासून बंद आहे?" मेस्त्रींनी विचारलं.

"सकाळपासून," बाबा म्हणाले.

"डिझेल कुठलं भरता?"

"भरतच नाही."

"तरीच." ते खाली पोतं पसरून चक्क ट्रॅक्टरखाली झोपले. बराच वेळ नुसते बूट दिसत होते. आतून टकटक ऐकू आली. पुठ्ठ्यातून टकटक कशी येते, हे मला अजून कळलेलं नाही. बाहेर येऊन त्यांनी फडक्याला हात पुसले. "हायड्रॉलिकचा पंप गेलाय. वर्कशॉपला न्यावा लागेल."

"वॉरंटीत बसेल ना?" आईने लगेच विचारलं. काल्पनिक खर्चालाही ती घाबरते.

"वॉरंटी घेतल्या दिवसापासून सुरू होते, ताई. तुमची अजून सुरूच झालेली नाही. म्हणजे संपलेलीही नाही. निवांत राहा."

मी टाळी वाजवली, तर मेस्त्रींनी माझ्याकडे असं बघितलं की मी हात मागे घेतले.

संध्याकाळी त्यांची गाडी आली. पुठ्ठ्याचा ट्रॅक्टर दोरांनी बांधून वर चढवला आणि गाडीतून खराखुरा, चकचकीत, छोटा ट्रॅक्टर खाली उतरवला. बाबांनी विचारलं, "हा कशाला?"

"बदली मशीन. गिऱ्हाईकाचं मशीन आमच्याकडे असेपर्यंत गिऱ्हाईकाचं काम थांबता कामा नये. आमच्या बाईंचा नियम आहे."

"पण आमचं मशीन पुठ्ठ्याचं आहे हो!"

"मशीन कशाचं असावं, याबद्दल नियमात काही नाही," असं म्हणून मेस्त्री गेले.

मग आमच्या बागेत स्वर्ग अवतरला. बाबा ट्रॅक्टरवर ऐटीत बसून ओळीओळींतून फिरायला लागले. वळताना उगाचच हॉर्न वाजवायचे, लिंबांना काय कळणार! जेवताना आमटीची वाटी त्यांच्या हातात स्थिर राहायला लागली. आईने ते बघितलं, मीही बघितलं. बोललं तर दृष्ट लागेल, असं काहीतरी दोघींनाही वाटत असावं.

आणि एक दिवस मेस्त्रींचा फोन आला. "तुमचा ट्रॅक्टर तयार आहे. घेऊन जा. बदली मशीन परत आणा."

बाग अजून निम्मी बाकी होती.

बदली ट्रॅक्टर घेऊन आम्ही शोरूममध्ये पोचलो तर पुठ्ठ्याचा ट्रॅक्टर ऑफिसच्या दाराशी, खऱ्या ट्रॅक्टरांच्या रांगेत उभा! सुतळ्या नव्या, कोपरे चिकटपट्टीने मजबूत केलेले, वर पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख लावलेली. एक गिऱ्हाईक त्याच्या टायरला लाथ मारून किंमत विचारत होतं.

मालकीणबाई टेबलामागे पेरू खात बसल्या होत्या. आई समोर बसली आणि थेट मुद्द्यावर आली. "तुमच्याइतकाच ट्रॅक्टर शहरात कितीतरी स्वस्त मिळतो."

"मिळतो ना. मला माहीत आहे."

"मग तुम्ही कमी करा."

"जमत नाही. तिकडून घ्या."

आईला भांडायची सवय, पण समोरचं माणूस भांडतच नाही म्हटल्यावर ती गडबडली. मग तिला एक भन्नाट युक्ती सुचली. "आम्ही त्यांच्याकडून घेऊ आणि बिघडला की तुम्हाला फोन करू. तुमचे मेस्त्री कोणालाही नाही म्हणत नाहीत."

"येतील की. त्यांना राहवतच नाही," बाई म्हणाल्या. "पण त्या मशीनचे पार्ट माझ्याकडे नाहीत. तुमचा पुठ्ठ्याचा होता म्हणून भागलं."

आई विचारात पडली. तिच्या डोक्यात दोन्ही किमती एकमेकींच्या झिंज्या उपटतायत, हे मला दिसत होतं. तिला त्या अवस्थेत बघवेना म्हणून की काय, बाबाच म्हणाले, "अगं, स्वस्तातला घे. पार्ट यायला लागले थोडे दिवस तर लागले. तोवर टिलर आहेच की."

त्यांनी ते इतकं सहज म्हटलं, की जणू टिलर म्हणजे पलंगाखालची जास्तीची चटई.

मेस्त्री दारात उभे होते. ते पुढे आले आणि काही न विचारता बाबांचं उजवं मनगट धरलं. यंत्राचा दांडा तपासावा तसं डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, कानाजवळ नेलं.

"बेअरिंग सैल झालंय, खेळतंय," ते म्हणाले.

"थोडंसंच," बाबा म्हणाले.

"थोडंसंच असतं सुरुवातीला." मेस्त्रींनी मनगट अलगद टेबलावर ठेवलं. "याचा पार्ट माझ्याकडे नाही. शहरवाल्यांकडेही नाही."

पेरू खाण्याचा आवाज थांबला. आईने बाबांच्या हाताकडे बघितलं आणि मग मालकीणबाईंकडे. "एक्सचेंजमध्ये काय काय घेता?"

"चालू स्थितीतलं कुठलंही यंत्र."

"टिलर घ्या."

"टिलर?" बाबा ताडकन उठले. "टिलर कशाला? तो असू दे! अडीअडचणीला लागतो!"

"तो आहे म्हणूनच तर तुम्ही अडचणीची वाट बघत बसता," आई म्हणाली. ट्रॅक्टर इथलाच ठरला, हे त्या क्षणी आम्हाला सगळ्यांना कळलं. किमतीचं नावही न काढता! पण सवय वाईट. लगेच तिचा सूर जरा खाली आला. "तरी आपण असं करू. महिनाभर टिलर शेडमध्ये कुलपात ठेवू. त्याच्याशिवाय जमतंय का, याची तालीम—"

"अजिबात नाही," मी म्हणाले.

आजवर घरात आईला असं कोणी म्हटलेलं नव्हतं. मला माझाच आवाज वक्तृत्वाच्या माईकमधून आल्यासारखा वाटला. "कुलपाची किल्ली बाबांना तीन मिनिटांत सापडते. मेस्त्रीकाका, गाडी काढा. आत्ताच."

"आगाऊ झाली आहे कार्टी," बाबा आईला म्हणाले.

"झालीच आहे," आई म्हणाली, आणि बटव्यातून शेडची किल्ली काढून तिने माझ्या हातावर ठेवली.

मेस्त्रींनी गाडी काढली. मी पुढे त्यांच्या शेजारी बसले. बाबा मागून पळत आले आणि खिडकीतून आत डोकं घालून सांगायला लागले, की टिलरची दोरी एकदम ओढायची नाही, आधी दोनदा हलकी, मग जोरात, आणि थंडीत त्याला जरा वेळ द्यावा लागतो, आणि डावा दांडा थोडा सैल आहे, त्याला रागवायचं नाही.

"काही पथ्य?" मेस्त्रींनी खिशातलं पेन काढून गंभीरपणे विचारलं.

बाबांनी बराच विचार केला. "पावसात भिजू देऊ नका," ते म्हणाले आणि डाव्या हाताने माझ्या बाजूचं अर्धवट लागलेलं दार नीट लावलं.